मृग ते मृग: तुमच्या कुंड्यांत सध्या काय चाललंय?

माजघर | ९ जून, सकाळी ७:४०

काल मृग लागला आणि कालच संध्याकाळी पाऊस आला. पुण्यात इतका सरळपणा पाऊस सहसा दाखवत नाही. एरवी मे महिन्यात वळीव दोनदा झोडपून जातो आणि मग खरा पाऊस पंधरा-वीस दिवस नुसता हुलकावण्या देतो.

आज चहा घेऊन गॅलरीत गेले तर गवती चहाला रात्रीत बोटभर नवी पात. दोन महिने बोअरच्या पाण्यावर कसाबसा जीव धरून होता बिचारा. मी काय रोज पाणी घालत नव्हते? पण तासाभराच्या पावसाने जे केलं ते माझ्या साठ दिवसांच्या बादल्यांना जमलं नाही. जरा अपमानच वाटला.

तर मुद्दा असा. बागकामाचे धागे म्हणजे ‘जास्वंदीवर पांढरं काहीतरी आलंय, वाचवा’ असे असतात. दवाखान्यात केस पेपर काढल्यासारखे. मला असा धागा हवाय जिथे नुसतं सांगायचं: आज हे उगवलं, हे फुललं, हे भाजीत पडलं. या मृगापासून पुढच्या मृगापर्यंत.

माझं भांडवल: तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, सव्वीस कुंड्या, रंगाच्या दोन बादल्या आणि मुलाचा जुना बाथटब (त्यात पालक). यंदाचं विशेष म्हणजे मार्चमध्ये आईकडून आणलेले शेवंतीचे फुटवे. पिवळी, बटणाएवढी, गजऱ्यातली शेवंती. दसऱ्याला देवाला घरची फुलं, असं मनाशी धरलंय.

चौथामजला | ९ जून, ८:५५

छान धागा. मी डोंबिवली. बाग म्हणजे खिडकीची ग्रिल, साडेतीन फूट. खालच्या काकूंचे कपडे वाळत असतात, त्यामुळे पाणी घालायची वेळ त्यांच्या धुण्यावर ठरते. बादलीत अळू लावलाय. पाच पानं झाली की वड्या.

एक शंका (केस पेपर नाही!): गेल्या वर्षी वड्या खाऊन सगळ्यांचे घसे खवखवले. काय चुकलं असेल?

आगरवाला | ९ जून, ११:२०

चुकलं ते अळू आणतानाच. भाजीचा अळू वेगळा, वडीचा वेगळा. वडीच्या अळवाचा देठ काळपट जांभळा असतो, पान जाड. हिरव्या देठाचा असतो तो फतफत्याला. आणि कुठलाही असला तरी चिंच हात राखून घालू नका, त्या खाजेवर आंबटच चालतं. पानं चिरून हाताला खाज सुटली तर आमच्याकडे आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळतात.

आमचा अळू मोरीच्या पाण्यावर वाढतो, तुमचा बादलीत. लाडाचा आहे, कमी खाजेल.

निवडुंगमारक | ९ जून, रात्री १०:०५

नावावरून कळलंच असेल. माझ्याकडे मनीप्लांट मेलाय, कोरफड मेलीय आणि हो, निवडुंगही. बायको म्हणते तुम्ही झाडाकडे बघू नका, ते घाबरतं. पण धागा वाचणार.

ता. क. सासूबाईंनी कालच एक कांदा दिलाय कुंडीत लावून. पानं मोठी, हिरवीगार आहेत. लाल चेंडूसारखं फूल येतं म्हणे. तेराव्या झाडासाठी प्रार्थना करा.

निवृत्त | १० जून, सकाळी ६:१०

मी कृषी खात्यात होतो, आता साताऱ्याला गच्चीवर आहे. पावसाळ्याचं एकच काम आधी करा. सगळ्या कुंड्यांच्या तळाच्या भोकात खिळा घालून बघा, भोक मोकळं आहे का. उन्हाळ्यात झाडं तहानेने जितकी मरतात, त्याहून जास्त जुलैत पाण्यात बसून मरतात. ताटल्या काढून ठेवा. डासही होणार नाहीत.

दसऱ्याला झेंडू हवा असेल तर जुलैत बी टाका. फुलाला दोन-सव्वादोन महिने लागतात. रोप महिन्याचं झालं की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण खुडा. एका फांदीच्या सहा होतात.

निवडुंगमारक, कांद्याला पाणी बेताने.

चौथामजला | २ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. ग्रिलवर दुधीचा वेल चढवलाय. बाळदुधी धरतात, अंगठ्याएवढे होतात, पिवळे पडतात, गळतात. आतापर्यंत सात गेले. निवृत्तकाका, हा केस पेपर आहे, माफ करा.

निवृत्त | ३ ऑगस्ट, सकाळी ६:००

चौथ्या मजल्यावर परागीभवन करायला कोण येणार? तुम्हीच करा. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, ते निशाचर पतंगांसाठी. भोपळ्याचं पिवळं सकाळी उमलतं, मधमाश्यांसाठी. ज्या फुलाखाली इवलासा दुधी दिसतो ते मादी, लांब नुसत्या देठावरचं ते नर. नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलका फिरवा. संध्याकाळी उमलल्यावर लगेच.

चौथामजला | ५ ऑगस्ट, रात्री १०:१५

मी सात अठ्ठावीसच्या लोकलने घरी येते. काल चप्पल काढायच्या आधी ग्रिलमध्ये हात घालून, दातात मोबाइलचा टॉर्च धरून दुधीचं लग्न लावलं. समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा खिडकीत येऊन बघत होते. अक्षता तेवढ्या राहिल्या.

चौथामजला | १६ ऑगस्ट

धरला!!! वीतभर झालाय. मुलगी शाळेतून आली की आधी दुधीला पट्टी लावते.

आगरवाला | २९ ऑगस्ट

आमच्याकडे मांडवावर पडवळ लोंबतायत. वाकडं व्हायला लागलं की टोकाला सुतळीने दगड बांधायचा, सरळ उतरतं. आजीने बांधलेले दगड मी लहानपणी चोरायचो, त्या वर्षी पडवळं गोगलगायीसारखी गुंडाळलेली निघाली आणि मार मला पडला.

काकड्या मात्र वांदरांनी नेल्या. खाल्ल्या असत्या तर वाईट नव्हतं. एक चावा घेतात आणि टाकून दुसरी तोडतात. फटाके, आरसे, वाघाचं चित्र, सगळं करून झालं. यंदा परसात अळू, हळद, मिरची एवढंच वाढवलंय. चोराला नको ते पेरायचं.

गौरीसाठी तेरडा गडग्यावर आपला आपण येतो, लावावा लागत नाही. त्याच्या पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की फटकन फुटून बी उडतं. अबोलीचं तसंच, पण तिला पाणी लागतं. वाळलेलं बोंड घ्या, जिभेवर ओलं करा आणि तळहातावर ठेवा. दोन-चार क्षण काही होत नाही, आणि मग टक्! आम्ही मुलं शाळेत पुढच्याच्या कॉलरमध्ये टाकायचो.

माजघर | ३१ ऑगस्ट

आगरवाला, आत्ता करून बघितलं अबोलीचं. बोंड थेट वरणात उडालं. नवरा म्हणतो तुमचे धागे घरात वाचायला बंदी.

माझ्याकडची बातमी: लिंबाच्या कुंडीत पानावर पाखराची शिट पडलीय म्हणून पुसायला गेले तर शिट चालायला लागली. अळी होती. आठवड्याभरात कात टाकून हिरवीगार झाली, पाठीवर डोळ्यांसारखे दोन ठिपके. काडीने हात लावला तर डोक्यातून शेंदरी दुतोंडी शिंग बाहेर काढलं आणि सडक्या लिंबासारखा वास सोडला. लिंबाची अर्धी पानं खाल्लीत. मारवत नाही. काय करू?

निवृत्त | १ सप्टेंबर, सकाळी ५:५५

काही करू नका. पानं पुन्हा येतात. ते लिंबाचं फुलपाखरू असावं, कढीपत्त्यावरही अंडी घालतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, २०१५ मध्ये जाहीर झालं, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. खात्यात असताना मी अशा अळ्यांवर फवारणी सांगायचो. आता एक लिंबाची कुंडी त्यांच्या नावाने सोडलीय. लोणच्याची लिंबं बाजारातून आणतो.

माजघर | १९ सप्टेंबर

आज सकाळी कोष फुटला. काळ्यावर पिवळसर ठिपके. पंख ओले होते, पाऊण तास लिंबाच्या काटेरी फांदीला उलटं लटकून होतं. मुलाला शाळेला उशीर झाला. बाईंना चिठ्ठीत खरं कारण लिहिलं.

परदेशी कढीपत्ता | २८ सप्टेंबर

न्यू जर्सीहून. तुमचं वाचून जळफळाट होतो. आमचं बागेचं वर्ष पाच महिन्यांचं. मेच्या मध्यापर्यंत थंडी कधी दगा देईल नेम नाही म्हणून मिरचीची रोपं खिडकीत अडकलेली, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर खेळ खलास. मधल्या काळात हरणं. तुमची वांदरं, आमची हरणं. मेथी त्यांना आपल्याइतकीच आवडते.

आज कढीपत्ता घरात घेतला. रात्री दहा अंशांच्या खाली जायला लागलं की तो बाहेर टिकत नाही. सात वर्षांचा आहे. दरवर्षी दोघांनी धरून पालखीसारखा आत आणतो आणि हिवाळाभर त्याची पानं गळताना बघतो. जानेवारीत अगदी खराटा होतो. पाहुणे विचारतात मेलाय का. नाही हो, झोपलाय. पाणी जवळजवळ बंद करायचं आणि थांबायचं.

माजघर | २५ ऑक्टोबर

दसरा झाला. झेंडू घरचा, भरपूर. (शेंडे खुडले होते, निवृत्तकाका. रडत रडत.) घटातलं धान छान उंच आलं होतं, मुलाने टोपीत खोचून सोनं वाटलं.

शेवंती नाही. झाडं मांडीएवढी उंच झालीत, पानं बघत राहावीत अशी, पण एक कळी नाही. आईकडे त्याच फुटव्यांच्या बहिणी फुलांनी लगडल्यात. शेणखत दिलं, राख दिली, आईने सांगितलं म्हणून रागावूनही झालं.

निवडुंगमारक | २६ ऑक्टोबर

तुमची निदान जिवंत आहे. सासूबाईंचा कांदा गेला. पानं पिवळी पडली, मग वाळली, आता मातीवर काहीच नाही. तेरावं झाड, तेरावा महिना. कुंडी वॉशिंग मशीनच्या मागे ढकललीय, सासूबाई दिवाळीला येतायत.

माजघर | २६ ऑक्टोबर

कुंडी तरी मला द्या!

निवृत्त | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

गावी होतो, उशीर झाला. माजघर, एक सांगा. रात्री गॅलरीत उजेड असतो का?

माजघर | ४ नोव्हेंबर, ६:५०

घरातला नाही. पण मे महिन्यात समोरचा रस्त्यावरचा दिवा बदलला. आधी पिवळा मिणमिणता होता, आता पांढरा फक्क. गॅलरीत पेपर वाचता येतो.

निवृत्त | ४ नोव्हेंबर, ७:१५

तोच तुमचा चोर. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. सलग मोठी अंधारी रात्र मिळाली तरच कळी धरते. म्हणून तर ती दिवस लहान व्हायला लागल्यावर फुलते. तुमच्या गॅलरीत मेपासून रात्र झालेलीच नाही. झाड समजतंय अजून उन्हाळाच आहे, वाढून घेऊ. फुलशेतीवाले याच गोष्टीचा उलटा फायदा घेतात, रात्री दिवे लावून फुलं लांबवतात आणि हवी तेव्हा काळं कापड टाकून कळ्या आणतात.

रोज संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला, सकाळी आठला काढा. एकही दिवस चुकवू नका. कळी दिसायला महिना, फुलाला दोन-सव्वादोन महिने.

माजघर | ९ नोव्हेंबर

वॉशिंग मशीनचं खोकं मिळालं. (निवडुंगमारक, तुमचं नाही.) पोपटाच्या पिंजऱ्यावर फडकं टाकतात तसं रोज सहाला झाकते. बाहेर असले की मुलाला फोन: ‘शेवंतीला झोपवलंस का?’ शेजारच्या काकूंनी काल हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

ऊनसावली | २ डिसेंबर

नागपूरहून पहिलाच प्रतिसाद, इतके दिवस नुसती वाचत होती. आमच्या इथे थंडी पडली बाप्पा, आणि थंडी म्हणजे सांबार. पुण्यामुंबईच्या लोकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं ते नव्हे. अंगणात दोन वाफे आहेत. जरा वेळ बसून राहिलं तरी वास अंगाला लागतो. रविवारी सांबारवडी केली, सारणात वाटीभर नाही, पातेलंभर सांबार.

लोक म्हणतात धणे उगवत नाहीत. अख्खे टाकले तर कसे उगवतील? चपलेने हलकं रगडायचं, एका धण्याच्या दोन डाळी झाल्या पाहिजेत. रात्रभर भिजत घालून पेरायचे. आठ-दहा दिवस मातीकडे बघायचं नाही. उन्हाळ्यात हा नाद करू नका, वीतभर झाली की फुलावर जाते.

चौथामजला | ३ डिसेंबर

चपलेने! मी लाटण्याने रगडत होते. आज चप्पल.

माजघर | ८ डिसेंबर

कळ्या. शेंड्यांवर मोहरीएवढ्या, हिरव्या, घट्ट. चष्मा लावून मोजल्या, एका झाडावर एकतीस. फोटोत काही दिसत नाही, पण टाकतेय.

परदेशी कढीपत्ता | २२ डिसेंबर

कढीपत्त्याला चौदा पानं उरलीत. ऑक्टोबरात तोडून आणलेले शेवटचे हिरवे टोमॅटो संपले, दाण्याचं कूट घालून चटणी केली. आता मार्चपर्यंत माझी बाग म्हणजे हा धागा.

माजघर | १३ जानेवारी, भोगी

सकाळी आठला खोकं उचललं आणि आत पिवळं धम्मक. अकरा फुलं पूर्ण उमललेली, बाकीची वाटेवर. दसऱ्याच्या ऐवजी संक्रांतीला, पण आली.

पहिलं फूल देवाला, दुसरं आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, ‘त्यात काय, मी सांगितलं होतं रागव म्हणून.’ खोक्याचं शास्त्र तिला सांगितलं नाही.

भोगीच्या भाजीत घरचे वालाचे दाणे आणि एक वांगं. एकच. पण घरचं.

आगरवाला | १३ जानेवारी

एक वांगं सहा जणांत कसं वाटलं तेही लिहा.

निवृत्त | १४ जानेवारी, सकाळी ६:००

फुलं संपली की जमिनीलगत छाटा. बाजूने फुटवे येतील, ते जपा. पुढच्या वर्षी कुंड्या दिव्याच्या आड हलवा, रोज खोकं कोण घालणार. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन याच महिन्यात असतं, पुण्यात आहात तर जाऊन या. मी जातो, मोठाल्या शेवंत्या बघतो आणि घरी येऊन आपल्या बटणशेवंतीला सांगत नाही.

आणि मोगरेवाल्यांनी कात्री काढा. महिनाअखेर छाटणी, पाणी थोडे दिवस तोडायचं, पानं गळाली तरी घाबरायचं नाही. मग शेणखत आणि पाणी.

ऊनसावली | १९ एप्रिल

त्रेचाळीस. अजून मे बाकी आहे. वाफ्यांवर हिरवी नेट, बुडाशी पालापाचोळ्याचा वीतभर थर, पाणी पहाटे पाचला. शेजारी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालतात, मी नाही घालत. पाणी उडून जातं, खार तेवढा टाकीत राहतो. जाळीवर पांढरं जमतं ना, तेच मुळाशी जाईल.

पण संध्याकाळी सात वाजता मोगरा उमलतो तेव्हा सगळं माफ. ओंजळभर फुलं माठाच्या झाकणावर ठेवते. पाणी प्यायला आलेला माणूस अर्धा मिनिट जास्त थांबतो.

चौथामजला | ३ मे

ग्रिलमधल्या मधुमालतीत बुलबुलने घरटं केलंय. वाटीएवढं, तीन अंडी, गुलाबीसर, तपकिरी ठिपके. ती खिडकी उघडणं बंद. वेलाला पाणी बाजूच्या खिडकीतून लांब डावाने घालते. खालच्या काकूंना सांगितलं तर त्यांनी त्यांची कपड्यांची दोरीच सरकवली.

निवडुंगमारक | २४ मे, सकाळी ९:१०

मंडळी, काहीतरी विचित्र घडलंय. वॉशिंग मशीन बिघडलं म्हणून आज माणूस आला, मशीन पुढे ओढलं तर मागे ती कुंडी. सात महिने एक थेंब पाणी नाही, ऊन नाही, फक्त मागच्या जाळीतून जेमतेम उजेड. कोरड्या मातीतून एक जाडजूड दांडा वर आलाय, पान एकही नाही आणि टोकाला मुलाच्या चेंडूएवढं लालभडक फूल. फूल म्हणजे शंभरेक टाचण्या गोल टोचल्यासारखं. मेकॅनिकने आधी फोटो काढला, मग मशीन उघडलं.

सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मे महिन्यातच येतं ते, तुम्ही नीट जपलंत हो.

निवृत्त | २४ मे, ९:२५

त्याला मे फ्लॉवर म्हणतात, कुणी फुटबॉल लिली म्हणतं. हिवाळ्यात पानं झडून कांदा मातीत झोपतो. तेव्हा पाणी घातलं असतंत तर सडला असता. तुम्ही विसरलात म्हणून जगला.

निवडुंगमारक | २४ मे, ९:२७

म्हणजे मला हे झाड जमलं?

माजघर | २४ मे, ९:४०

जमलं! आणि कुंडी मी मागितली होती ती आता नको. त्याऐवजी कांद्याला पिल्लं झाली की एक द्या, मी शेवंतीचे फुटवे देते. आठ आहेत. अजून कोणाला हवेत?

निवडुंगमारक | २४ मे, ९:४४

निवृत्तकाका, आता पाणी घालू का?

निवृत्त | २४ मे, ९:५०

आता घाला. बेताने. आणि ऑक्टोबरात पुन्हा मशीनच्या मागे.